फॉन्डंटची चमक

फ्रेंच भाषेत ‘पती फूर’ या शब्दांचा अर्थ ‘लहान भट्टी’ असा आहे. विटांच्या भट्टीत पाव आणि मोठे केक भाजून झाल्यावर, आग खाली बसल्यानंतर उतरत्या उष्णतेत जे लहान पदार्थ भाजले जात, त्यांना हे नाव मिळाले, असे सामान्यतः मानले जाते. या पदार्थांपैकी बिस्किटासारखे कोरडे ते ‘सेक’ आणि ज्यांच्यावर साखरेचा तुकतुकीत लेप चढवलेला असतो ते ‘ग्लासे’. या दुसऱ्या प्रकारातील केक अडीच-तीन सेंटिमीटर बाजूचा, म्हणजे एका घासाचा असतो. परंतु त्या एका घासासाठी करणाऱ्याला दोन दिवस खर्चावे लागतात आणि त्यातील पहिला दिवस जवळजवळ पूर्णपणे लेपाच्या तयारीत जातो.

हा लेप म्हणजे फॉन्डंट. महाराष्ट्रातील केकच्या दुकानांत आज या शब्दाने साखरेची कणकेसारखी लगदी ओळखली जाते, जी लाटून, पोळीसारखी पसरून वाढदिवसाच्या केकवर घातली जाते आणि जिच्यातून बाहुल्या, फुले, मोटारी घडवल्या जातात. पिठीसाखर, जिलेटिन किंवा डिंक यांपासून बनणारी ती वस्तू निराळी असून तिला चवीपेक्षा दिखाऊपणाच अधिक, असे म्हणणे अन्यायाचे ठरणार नाही. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘वितळणारे’ असा आहे, आणि येथे अभिप्रेत असलेला फॉन्डंट खरोखरच कोमट करून ओतला जातो व जिभेवर विरघळतो. एक्लेअरच्या पाठीवर आणि मिलफयच्या माथ्यावर दिसणारा लेपही हाच. पेस्ट्रीच्या व्यवसायात तो बहुधा तयार डब्यांतून येतो. घरी करणाऱ्याला मात्र त्याचे शास्त्र आरंभापासून हाताळावे लागते.

अर्धा किलो साखर, सुमारे दीडशे मिलिलिटर पाणी आणि शंभर ग्रॅम द्रव ग्लुकोज यांचा पाक ११५ अंश सेल्सियसपर्यंत उकळायचा. मराठी स्वयंपाकघरात ज्याला गोळीबंद पाक म्हणतात तोच हा: थंड पाण्यात थेंब टाकला असता त्याची बोटांत मऊ गोळी वळते. ज्यांना तापमापीवर विसंबायचे असेल त्यांनी ती आधी उकळत्या पाण्यात तपासून घ्यावी, कारण पुण्यासारख्या समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच असलेल्या गावी पाणी सुमारे ९८ अंशांवरच उकळते आणि तेथे पाकही दोन अंश अगोदर उतरवावा लागतो. उकळी चालू असताना भांड्याच्या कडांवर चिकटलेले साखरेचे कण ओल्या कुंचल्याने पुसून काढायचे असतात. त्यांतला एकही कण पाकात परतला तर तो इतर साखरेला आपल्याभोवती गोळा करतो आणि सगळा पाक रवाळ होतो. ग्लुकोज घालण्याचे कारणही हेच आहे. त्याचे रेणू सुक्रोजच्या रेणूंच्या वाटेत येतात आणि मोठे स्फटिक जुळू देत नाहीत. गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळणाऱ्या गृहिणीही दुसऱ्या मार्गाने हेच साधत असतात, कारण लिंबातील आम्लामुळे काही सुक्रोजचे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात.

तयार पाक ओलसर केलेल्या संगमरवरी लादीवर ओतल्यानंतर या कामातील सर्वांत अवघड वेळ येते, आणि त्या वेळी करायचे काहीच नसते. पाक पन्नास अंशांच्या खाली उतरेपर्यंत त्याला स्पर्श करायचा नाही, लादी हलवायची नाही, पृष्ठभागावर बोट फिरवून पाहण्याचा मोहही आवरायचा. गरम पाक ढवळला तर स्फटिक थोडे आणि मोठे तयार होतात. थंड झालेला, अतिसंपृक्त, म्हणजे त्या तापमानाला सामावेल त्याहून अधिक साखर विरघळलेला पाक ढवळला तर असंख्य स्फटिक एकाच वेळी जन्मतात आणि त्यांपैकी कोणालाच वाढायला वाव उरत नाही. संक्रांतीच्या काटेरी हलव्यात मंद आचेवर पाक थेंबाथेंबाने देत स्फटिकांचे काटे मुद्दाम वाढवले जातात. फॉन्डंटमध्ये त्याच साखरेची वाढ रोखून धरावी लागते. वाट पाहणे संपले की मग उसंत नसते. रुंद पात्याच्या उलथण्याने पाक कडेकडून मध्याकडे सारखा दुमडत राहायचा. पारदर्शक पाक आधी धुरकट, मग दुधी होतो, उलथणे जड होत जाते, खांदे भरून येतात आणि आता हे काम आपल्याच्याने होणार नाही असे वाटू लागते, तेवढ्यात तो सगळा एकदम आळून पांढराशुभ्र, कोरडा गोळा बनतो. ओल्या हातांनी मळून, ओलसर फडक्याखाली चोवीस तास मुरवल्यावर तो लोण्यासारखा मऊ होतो. स्फटिक साधारणपणे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून लहान असतील तर जिभेला त्यांचे कण जाणवत नाहीत, आणि घरच्या फॉन्डंटची परीक्षा तेवढीच असते.

केकचा भाग त्या मानाने सरळ आहे. जेनोवा शहरावरून नाव मिळालेला ‘जेन्वाज’, म्हणजे अंडी आणि साखर कोमट करून फेसून केलेला हलका केक, पातळ थरांत भाजायचा, जर्दाळूच्या जॅमने थर जोडायचे, वर बदाम आणि साखरेच्या मार्झिपानची पातळ पोळी बसवायची, वजनाखाली दाबून थंड करायचे आणि मगच धारदार सुरीने कापायचे. मार्झिपानचा उपयोग चवीपुरता नसतो. त्यामुळे केकची जाळी झाकली जाऊन लेपाला सपाट आधार मिळतो. कापलेल्या बाजूंवर गरम, गाळलेला जॅम लावला नाही तर भुगा सुटून लेपात मिसळतो आणि लेपातील ओलावा केक शोषून घेतो.

ओतण्याच्या वेळी फॉन्डंट गरम पाण्यावर धरून, साध्या पाकाने सैल करून ३७ ते ४० अंशांपर्यंत आणायचा असतो. ही उष्णता मानवी शरीराची आहे, म्हणून अनुभवी हात भांड्याच्या बुडाला बोटाची मागची बाजू लावून ती ओळखतो: भांडे गार लागले तर लेप जाड बसेल, गरम लागले तर वेळ निघून गेलेली असते. त्याहून अधिक तापलेल्या फॉन्डंटमधील सूक्ष्म स्फटिक विरघळतात आणि थंड होताना मोठे होऊन परततात. लेप वाळतो तो निस्तेज, खडूसारखा. चॉकलेट घातल्यावर मिश्रण घट्ट होते आणि पाक अधिक लागतो; लिंबू किंवा कॉफी घालणे मात्र आवश्यकच म्हणावे लागेल, कारण नुसत्या फॉन्डंटची गोडी दुसऱ्या घासालाच नकोशी होते. रंगाच्या बाबतीत फिकेपणा हीच सभ्यता.

जाळीवर ठेवलेल्या केकवर लेप एकाच धारेत, माथ्याच्या मध्यावर ओतायचा असतो. तो चारी बाजूंनी आपला आपण उतरतो. राहिलेल्या कोपऱ्यावर सुरी फिरवून डागडुजी करणाऱ्याला तेथे कायमचा ओरखडा मिळतो. लेपाचे काम झाकण्याचे असले तरी हा लेप फारसे काही झाकत नाही. तिरका काप, फुगलेला थर, निसटलेला भुग्याचा कण हे सर्व त्याच्या चकाकीखाली आधीपेक्षा ठळक दिसते, आणि कागदी शंकूतून ओढलेल्या चॉकलेटच्या नाजूक रेषेनेही ते लपत नाही. जाळीखाली सांडलेला फॉन्डंट गाळून पुन्हा वापरता येतो, मात्र प्रत्येक वेळी गरम करताना त्याची चमक थोडी कमी होत जाते.

लेप बसल्यावर केक लहान कागदी वाट्यांत ठेवून, हवाबंद डब्यात, थंड जागी दोन दिवस चांगले राहतात. ते उघडे फ्रिजमध्ये ठेवू नयेत. बाहेर काढताच हवेतील बाष्प लेपावर साचते, साखर त्यात विरघळते आणि पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, काही मिनिटांतच चमक नाहीशी होऊन वाटीचा कागद केकला चिकटतो.