दान आणि मान

बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर सीमाभागातील मराठी घरांना नवा नाही. मार्गशीर्ष व माघ पौर्णिमेस महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतून भाविकांची रीघ तिकडे लागते. भंडाऱ्याने माखलेली ती वाट श्रद्धेची खरी. पण त्याच श्रद्धेच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या कित्येक अजाण मुली देवीला ‘सोडण्यात’ आल्या, हेही विसरता येत नाही.

घरात मुलगा नाही, दुखणे हटत नाही, मुलीच्या केसांत जट आली, असे एखादे निमित्त पुरेसे होई. न धुतलेल्या, न विंचरलेल्या केसांचा गुंता होतो, त्यात दैवी असे काहीच नाही. तरीही लाल-पांढऱ्या मण्यांची माळ त्या पोरीच्या गळ्यात पडे आणि तिचे शिक्षण, लग्न, संसार सारे तेथेच संपे. या मुली बहुतांशी दलित घरांतल्या. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांचीच लेक देवाची म्हणावयाची आणि गावातील सधन पुरुषांनी तिच्या असाहाय्यतेचा फायदा घ्यावयाचा, अशी ही रीत. जात आणि स्त्रीजन्म या दोहोंचे ओझे एकाच खांद्यावर!

माझ्या लहानपणी मंगळवारी-शुक्रवारी आमच्या दारी परडी घेऊन जोगतीण येई. आजी सुपातून जोंधळे आणून परडीत घाली, हळद-कुंकू वाही आणि वाकून नमस्कार करी. परंतु ‘बाई, ओसरीवर टेका घटकाभर’ असे तिला कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. तिचे नावही कोणास ठाऊक नव्हते. दान तिला मिळे. मान मात्र परडीतल्या देवीला.

ही प्रथा मोडण्यासाठी कायदे झाले. बेळगाव ज्या मुंबई इलाख्यात होते, तेथे १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा आला. कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली नवे कायदे केले. कायदा हवाच, पण गळ्यातील माळ तुटली म्हणजे पोटाची सोय होते असे नाही. मुलांना शाळेत घालताना बापाच्या नावाचा रकाना आ वासून उभाच असतो. म्हातारपणी आधार कोणाचा, हा प्रश्न कायद्याच्या कलमाने सुटत नाही. तेथे माणूसच लागतो.

अशी माणसे आपल्याच परिसरात होऊन गेली. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी मिशन स्थापिले, शाळा व वसतिगृहे काढली आणि मुरळ्यांच्या प्रश्नाकडेही समाजाचे लक्ष वेधले. त्यांच्या भगिनी जनाबाई याही त्या कार्यात उतरल्या. पुढे १९७५ साली गडहिंग्लज येथे देवदासींची परिषद भरली आणि त्यांची गाऱ्हाणी जाहीरपणे मांडली गेली.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते बेळगाव जिल्ह्यातीलच सीतव्वा जोडट्टी यांचे उदाहरण. लहानपणीच देवीला सोडलेल्या या बाईंनी घटप्रभा येथील संस्थेतून आपल्यासारख्याच भगिनींना संघटित केले. या संस्थेची स्थापना १९९७ सालची. बचतगट, जोडधंदे, मुलांचे शिक्षण आणि नव्या मुलींना सोडू न देण्याची जागरूकता, असे त्यांचे कार्य. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जिला कालपर्यंत केवळ दयेचा विषय समजत, तीच इतरांचा आधार झाली. बाहेरच्याने सांगितलेले जे पटत नाही, ते सोसलेल्या बाईच्या तोंडून आईबापांच्या काळजाला भिडते.

विद्यार्थी मित्रांनो, समाजसेवा म्हणजे केवळ धान्य-कपडे वाटणे नव्हे. आपल्या वर्गात एखादा मुलगा वडिलांच्या जागी आईचे नाव लावीत असेल, तर त्यास खोदून विचारू नये. त्याच्या बाकावर बसून बरोबर डबा खावा. त्याची आई शाळेत आली, तर तिला खुर्ची द्यावी आणि ‘या, मावशी’ म्हणावे. एवढे तर आपल्या हाती आजच आहे.