भूपाची बाजू

कॅसेट विकत घेतली तेव्हा घरी ती वाजवायला काहीही नव्हतं.

१९८६चा मे महिना. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी सुट्टीपुरता वह्या लिहायला बसत होतो. हळदीची पोती, वजनं, हमाली, तोलाई. पहिल्या महिन्याचे पैसे हातात पडले आणि मी घरी न जाता सायकल मारुती रोडला वळवली. किशोरी आमोणकर, एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. किंमत ३६ रुपये. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "कोऱ्या कॅसेटवर भरून देतो की, निम्म्यात होईल." तेव्हा सगळं गाव तसंच करायचं. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची आणि आठवड्याने कॅसेट भरून न्यायची. पण मला कंपनीचीच हवी होती. का, ते त्याला नीट सांगता आलं नाही. मी पैसे पुढे केले.

आईने डबी उघडली, आतला कागद पाहिला, पुन्हा बंद केली आणि एवढंच विचारलं, "वाजवणार कशावर?"

"टेलरमामांकडे," मी म्हणालो.

आमच्या गल्लीच्या तोंडाला मामांचं दुकान होतं. दीड खणाची जागा, पायाने चालवायचं मशीन, विठोबाच्या तसबिरीखाली फळीवर टेपरेकॉर्डर. त्याच्यातच रेडिओ. गाणं लागलं की मामा मशीन बंद करायचे, कारण मशीनच्या खडखडाटात सूर ऐकू येत नाही. काज-बटणं, तुरपाई, असं सगळं हातशिलाईचं काम त्यांनी तेवढ्या वेळेसाठी राखून ठेवलेलं असे. गाणाऱ्याचा आलाप सावकाश असला की त्यांची सुईही सावकाश चालायची. त्यांना ते ठाऊक होतं असं मला वाटत नाही.

त्याआधी, त्याच वर्षी थंडी सरताना एका संध्याकाळी मी तिथून जात होतो आणि सांगली आकाशवाणीवर कुणीतरी गात होतं. मी सायकलवरून उतरलो, एक पाय पायरीवर ठेवला. "मामा, हे कोण गातंय?"

मामांनी सुईचा हात नुसता वर केला. "संपू दे की आधी."

मी थांबलो. किती वेळ, ते आठवत नाही. गाणं संपलं, निवेदिका बोलायला लागली, तेव्हा मामांनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाले, "किशोरीताई. भूप." त्या दोन शब्दांवर मी पुढचे तीन महिने काढले.

भूप हा शिकणाऱ्या पोरांचा राग. पेटीच्या क्लासात पहिल्या काही महिन्यांतच तो हाताखाली येतो. सा, रे, ग, प, ध, एवढे पाच स्वर. मध्यम नाही, निषाद नाही. मीही तो पेटीवर बडवला होता आणि मला तो संपल्यासारखा वाटत होता. जयपूर घराणं म्हटलं की जाणकार अनवट, जोड रागांची नावं घेतात. किशोरीताईंनी मात्र या पाच स्वरांच्या उघड्या अंगणात इतकं काही मांडून ठेवलं की माझी पेटी मी काही दिवस उघडलीच नाही. त्या गंधारावर यायच्या. गंधार तोच, पण प्रत्येक वेळी निराळ्या वाटेने, कधी पंचमावरून सावरत, कधी रिषभाला हलकेच स्पर्श करून, आणि आल्यावर अशा उभ्या राहायच्या की पुढे जायची घाई कुणाला उरू नये. मग द्रुतात 'सहेला रे' सुरू झालं की मामांची मान डोलायला लागायची आणि काजाचा टाका एखादा वाकडा जायचा. तो टाका मामा उसवून पुन्हा घालत.

रोज रात्री आठनंतर आम्ही ती कॅसेट लावायचो. कॅसेटला हात लावण्याआधी मामा हात धुऊन, धोतराच्या सोग्याला पुसून घेत. मी मात्र पहिल्याच दिवशी यार्डातून तसाच गेलो होतो. आतल्या कागदाच्या घडीवर आणि बाहेरच्या चित्राच्या कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचे दोन हळदी ठसे उमटले. मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तांब्याभर पाणी पायरीवर आधीच ठेवलेलं होतं.

मला फार नंतर कळलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. किशोरीताईंच्या आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकर तरुणपणी सांगलीत राहत होत्या. जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब उपचारासाठी सांगलीत आले होते. येता-जाता एका घरातून मुलीचा रियाज कानावर पडायचा. एक दिवस ते घरात गेले, तिला गायला सांगितलं, पुढे रोज येऊन ऐकू लागले आणि मग शिकवूही लागले. हे वाचलं त्या दिवशी मी सांगलीच्या जुन्या पेठांतून उगाच हिंडलो. ते घर कुठलं, ते शोधायचं नव्हतं. रस्त्याने जाणारा माणूस गाणं ऐकून थबकतो, आणि तिथून निघालेला सूर दोन पिढ्यांनी एका शिंप्याच्या पायरीशी येतो, एवढंच पुन्हापुन्हा मनात घोळवायचं होतं.

आता त्या कॅसेटमधल्या एका सावलीबद्दल. कॅसेट सुरू केली की आधी फितीची सळसळ, आणि तंबोरा वाजायला लागण्याआधी त्याच तंबोऱ्याचा अगदी पुसट, भिंतीपलीकडून यावा तसा झणकार. मग क्षणभराने खरा तंबोरा. मला वर्षभर वाटत होतं की हा माझ्या कानांचा भास आहे. मिरजेत टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या एकाने उलगडा केला. फीत स्वतःभोवतीच गुंडाळलेली असते. एका वेढ्यावरचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर थोडं उमटतं. कॅसेट ठेवून दिली, त्यात उन्हाळा असला, की जास्त. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. रीळ भरलेलं असताना एक वेढा उलगडायला अडीच-तीन सेकंद लागतात, म्हणून सावली सुरापेक्षा तेवढी आधी येते. शेवटी रीळ रिकामं होत आलं की अंतर दीड सेकंदावर येतं. "वाजवण्याआधी एकदा पुढे-मागे फिरवून घेत जा," तो म्हणाला, "कमी होतं ते."

मी कधीच फिरवली नाही. ते अडीच-तीन सेकंद मला हवे असायचे. सूर निघालाय, अजून पोचलेला नाही, आणि मामांची सुई हवेत थांबलेली आहे.

बागेश्रीची बाजू मात्र बरीच वर्षं तशीच राहिली. लावायचो, मन लागायचं नाही, पुन्हा उलटून भूप. आमच्याकडे हरिपुरात हळदीची पेवं असत. जमिनीत खोल खणलेली, वरून बंद केलेली. हळद वर्षानुवर्षं आत राहायची. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, वारा जाऊ द्यायचा असतो, नाहीतर माणूस गुदमरतो. बागेश्रीचंही तसंच होतं. मुलीच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी, ती आणि तिची आई आत निजलेल्या, मी स्वयंपाकघरात शेक द्यायला निखारे फुलवत बसलो होतो. रात्रीचे दोन वाजले असतील. आवाज अगदी बारीक ठेवून बागेश्री लावली आणि त्या रात्री ती पहिल्यांदा माझ्यासाठी गायली गेली. निखाऱ्यांवर राख धरली तरी मी उठलो नाही. ३६ रुपयांतले अर्धे रुपये त्या रात्री वसूल झाले असं म्हणायला जीभ रेटत नाही. मी इतकी वर्षं त्यांचा देणेकरी होतो, एवढंच.

३ एप्रिल २०१७ला किशोरीताई गेल्या. बातमी कळल्यावर मी कपाटातून कॅसेट काढली आणि हातात घेऊन बसलो. मामा केव्हाच गेले होते. त्यांच्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकत होती. घरातला टेपरेकॉर्डर त्याआधीच बिघडून माळ्यावर गेला होता. म्हणजे मी पुन्हा तिथेच आलो होतो, कॅसेट हातात आणि घरात वाजवायला काही नाही. फोनवर तो भूप आहे. आवाज स्वच्छ आहे, सळसळ नाही. तंबोरा एकदम सुरू होतो. मी मनातल्या मनात तीनपर्यंत मोजतो आणि मग बोट टेकवतो.

डबी उघडली. बाहेरच्या कोपऱ्यावरचा ठसा उन्हाने केव्हाच उडाला होता. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. आतल्या घडीतला मात्र अजून पिवळा होता, अंगठ्याच्या रेषा मोजता याव्यात इतका. मी बेसिनवर जाऊन हात धुऊन आलो. मगच कागदाची पुन्हा घडीवर घडी घातली, भूपाची बाजू वर करून कॅसेट आत ठेवली आणि झाकण लावलं.