सहा फुटांचा संसार

बँकेच्या कारकुनाला घरी बसून काम करता येत नाही. रोकड घरी नेऊन मोजायची म्हटली, तर त्या कामाला कायद्यात वेगळं नाव आहे. म्हणून 24 मार्च 2020 च्या रात्री सारा देश 21 दिवसांसाठी घरात बसवला गेला, तेव्हा डॉक्टर, पोलीस आणि दूधवाले यांच्या रांगेत, अगदी शेवटी का होईना, आम्हीही उभे राहिलो. 'अत्यावश्यक' हा शब्द मला आयुष्यात प्रथमच कोणी लावला होता. बायकोला मी तो दोनदा वाचून दाखवला. "मग येताना दळण घेऊन या," ती म्हणाली.

नागपूर-काटोल रस्त्यावर एरवी संत्र्यांचे ट्रक आणि एमआयडीसीच्या पाळीची माणसं यांच्यातून सायकल काढणं म्हणजे एक कसरत. त्या दिवसांत कळमेश्वरात रस्त्याच्या मधोमध कुत्री झोपत आणि मी घंटी वाजवली की 'हा कोण उपटसुंभ?' अशा नजरेनं एक डोळा उघडून पाहत. लग्नकार्यं बंद होती. तेवढं 1 एप्रिलला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, ते कार्य मात्र मुहूर्तावर पार पडलं. जेवणावळ नव्हती, एवढंच.

खरी गर्दी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली. महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा 500 रुपये यायचे होते, त्यातला पहिला हप्ता जमा झाला. झुंबड उडू नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून वार वाटून दिले होते. 0 आणि 1 वाल्यांनी 3 एप्रिलला यायचं, 2 आणि 3 वाल्यांनी 4 ला, 4 आणि 5 वाल्यांनी 7 ला, असं 9 एप्रिलपर्यंत. गणित बिनचूक होतं. फक्त आमच्याकडे बायामाणसं बँकेत एकेकटी येत नाहीत, हे गणितात धरलं नव्हतं. 4 वालीच्या सोबतीला 7 वाली जाऊ, तिच्यासोबत 9 वाली नणंद. "माहा नंबर परवाचा हाय जी, पण आता आलीच हाव तं देऊन टाका न बाबू!"

दारासमोर चुन्याची वर्तुळं आखली होती. अकराच्या उन्हात त्यांत उभं राहणार कोण? बायांनी प्रत्येक वर्तुळात एकेक चप्पल ठेवली आणि स्वतः निंबाच्या सावलीत एकमेकींना चिकटून बसल्या. चपलांनी मात्र शासनाचे सर्व नियम तंतोतंत पाळले. शिपाई ओरडे, "पुढची कोन?" की झाडाखालून उत्तर येई, "निळ्या पट्ट्याची माही!"

त्यातली एक बाई खिडकीशी आली. संत्र्याच्या बागेत तोडणीला जायची, पंधरा दिवस घरीच होती. पाचशेची नोट तिनं परत सरकवली. "शंभराच्या द्या जी. दुकानवाला मोड देत नाही." पाच नोटा तिनं तीनदा मोजल्या. दोन पदराच्या एका टोकाला बांधल्या, तीन दुसऱ्या टोकाला. मागे रांग खोळंबली होती, पण 'लवकर करा' म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

शाखा दोनला बंद होई, हिशेब जुळवून मी तीनला घरी. म्हणजे अंगणात. घरात आईचं वय 76 आणि रक्तात साखर, त्यामुळे मला मागच्या दारी बादलीशी थांबवून कपडे साबणात, मी साबणात आणि खिशातल्या नोटा कुरड्यांच्या शेजारी उन्हात, असा क्रम होता. मग ओसरीवर मुक्काम. ताट उंबरठ्यावर सरकवलं जाई. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्यामुळे आमचे सातवीतले चिरंजीव एकही पेपर न लिहिता वर चढले होते. घरात या रोगाचा फायदा झालेला तो एकटाच. त्यानं टेपनं मोजून ओसरीवर खडूची रेघ मारली आणि दिवसभर तिच्यावर पहारा ठेवला. आमचे मॅनेजर इतके कडक नाहीत.

एका रात्री नऊचं 'रामायण' संपल्यावर आई तिच्या खोलीच्या दारात आली. मूठ बांधलेली.

"दिवसभर एवढ्या बाया तुह्याकडे पाहून राह्यल्या," ती म्हणाली, "दृष्ट लागणार नाही तं का होईन? बस तसाच."

"आई, रेघेच्या अलीकडे येऊ नको."

"येतो कोन?" म्हणून तिनं सहा फुटांवरूनच मीठ, मोहऱ्या आणि भिवापुरी मिरच्या हवेत ओवाळल्या. पंधरा दिवसांत तिनं माझ्या अंगाला हात लावला नव्हता. मूठ थरथरत होती, दोन-चार मोहऱ्या रेघ ओलांडून माझ्या पायाशी आल्या. मुलानं तिकडे पाहिलं, पण हरकत घेतली नाही.

बायकोनं ते सगळं शेगडीत टाकलं. भिवापुरी मिरची ती. क्षणात मी खोकलो, बायको खोकली, चिरंजीव खोकले, आई पदरात तोंड घालून खोकली. एप्रिल 2020 मध्ये एका घरातून चार जणांचं खोकणं! शेजारच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. मग एक किलकिली झाली आणि आवाज आला, "भाऊ, खोकला कोनाले हाय जी?"

"सगळ्यांले!" चिरंजीव ओरडले.

खिडकीला आतून कडी लागली. आई डोळे पुसत आत वळली. "इतका ठसका आला न? मंग दृष्ट नव्हतीच तुले," ती म्हणाली. "जेवून घे आता."