चि. मुक्तास, अठरा टक्क्यांबद्दल

श्रीरामपूर,
२ फेब्रुवारी

चि. मुक्तास,


तू छापून पाठवलेला अहवाल सावकाश वाचला. देशाच्या एकूण मूल्यवर्धनात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास आणि काम करणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोक शेतीवर, हे तुझे आकडे बरोबर आहेत. पण त्यावरून तू जो निष्कर्ष काढलास, की उरलेली ८२ टक्के अर्थव्यवस्था आता शेतीवर अवलंबून राहिलेली नाही, तो मला पटला नाही. फोनवर तुला वेळ नसतो आणि मला मुद्देसूद बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

तुमच्या हिशेबात माझं कापडाचं दुकान सेवाक्षेत्रात येतं. माझ्या उधारीच्या वहीत मात्र बऱ्याच नावांपुढे तारीखच नाही, नुसतं ‘बिल आल्यावर’ लिहिलेलं आहे. म्हणजे उसाचं बिल. ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराचे पैसे, द्यायचे असा कायदा आहे. पैसे खात्यावर पडले की आधी सोसायटीचं कर्ज वळतं होतं, मग खतवाल्याची बाकी जाते, आणि मग माणूस माझ्या पायरीवर येतो. पोरीच्या लग्नाचा बस्ता त्या बिलाच्या भरवशावर बांधलेला असतो. बिल लांबलं की मी सुरतेच्या व्यापाऱ्याला थांबवतो आणि तो त्याच्या मागवाल्याला थांबवतो. सुरतेच्या त्या मागवाल्याने आपला ऊस कधी पाहिलेलाही नाही, तरी त्याचा पगार इथल्या फडातून निघतो.

कारखान्याच्या गव्हाणीत पडणारा ऊसच बघ. १०० टन उसातून साधारण दहा-अकरा टन साखर निघते. अठ्ठावीस-तीस टन बगॅस निघतं, ते बॉयलरमध्ये जळून वाफ आणि वीज देतं. चारेक टन मळी निघते, तिचं इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जातं. प्रेसमड खत म्हणून परत रानात येतं आणि तोडताना निघालेलं वाढं जनावरं खातात. आता हे तुमच्या रकान्यांत कसं बसतं ते सांग. साखर उद्योगात गेली, वीज विजेच्या खात्यात गेली, ट्रक-ट्रॅक्टर वाहतुकीत, कर्जावरचं व्याज बँकिंगमध्ये आणि माझं दुकान व्यापारात. शेतीच्या खात्यावर उरला नुसता ऊस, तोही सरकारने ठरवलेल्या दराने. तो वाटा लहान दिसणारच.

आणि तो ऊस तोडतं कोण? बीड, पाथर्डी, आष्टीकडून नवरा-बायको येतात. त्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत ते पहाटेपासून फडात असतात. तोडायचं, पाचट सोलायचं, मोळी बांधायची, डोक्यावरून गाडीत चढवायची. बाजारच्या दिवशी ते माझ्याकडे सर्वांत स्वस्त साडी मागतात. सगळ्या साखळीतला पहिला हात त्यांचा, आणि सगळ्यांत कमी पैसा त्यांच्याच हातात पडतो.

तू गोखले इन्स्टिट्यूटमध्ये शिकलीस, म्हणून एक आठवण करून देतो. त्या संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. विठ्ठलराव विखे पाटलांनी इथल्या शेतकऱ्यांना जमवून प्रवरेचा सहकारी कारखाना उभारायला घेतला, तेव्हा अध्यक्ष म्हणून गाडगीळच बसले. १९५० साली पहिला हंगाम झाला. एवढ्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाने पुणे सोडून लोणीच्या फुफाट्यात फेऱ्या का घालाव्यात? मला वाटतं, शेतात तयार झालेली किंमत शेताजवळच थांबवली तर तिच्यातून गाव उभं राहतं, हे त्यांना स्वतः उभं राहून पाहायचं होतं. पुढे शाळा, दवाखाने, कॉलेजं तिथूनच निघाली.

साखळी तुटली की काय होतं, तेही आपण पाहिलंय. २०१८ च्या दुष्काळात उभा ऊस चारा म्हणून छावण्यांना गेला, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीचा ऊस पुरात बुडाला. २०१८-१९ च्या हंगामात महाराष्ट्राने १०७ लाख टन साखर केली होती, पुढच्या हंगामात ती ६२ लाख टनांच्या आसपास आली. जवळपास पन्नास कारखान्यांनी बॉयलरच पेटवला नाही. यंत्रं जागेवर होती, कामगार होते, कर्ज द्यायला बँका होत्या. ऊस नव्हता. त्या वर्षी इथला टायरवाला, सोनार आणि मंगल कार्यालयवाला एकाच चेहऱ्याने बसून होते.

शेतीचंच असं आहे असं समजू नकोस. जमिनीतून जे जे निघतं त्या सगळ्याचं असंच आहे. तुझ्या सासरी, डिचोलीत, जावईबापूंना विचार. गोव्यातल्या खाणी २०१२ साली थांबल्या, मध्यंतरी सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्टे रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. खाणीत काम करणारे त्या मानाने थोडे. पण दारात उभे राहिलेले ट्रक, त्यांचे हप्ते, मांडवीतल्या बार्ज, रस्त्याकडेची गॅरेजं आणि खानावळी यांची मोजदाद केली की खाण किती जणांना पोसत होती ते कळतं. त्याच खाणींनी शेतांत गाळ आणला आणि विहिरी आटवल्या, हेही तुझे सासरे सांगतील. त्यांचं ऐक. आमचा ऊसही पाणी पितो, आणि दरवर्षी बोअर आणखी खोल न्यावी लागते. पायाच उकरून खाल्ला तर वरचं घर टिकत नाही, एवढं आम्हालाही समजायला हवं.

आता माझा खरा मुद्दा. तुझे १८ टक्के पैशात मोजलेले आहेत, आणि पैसा म्हणजे भाव. भाव कोण ठरवतं? २०२३ च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद झाली आणि लासलगावचे लिलाव कोसळले. मे २०२४ मध्ये बंदी उठली तेव्हा कितीतरी जणांचा कांदा कवडीमोलाने जाऊन चुकला होता. शहरात कांदा स्वस्त राहिला म्हणून शहरातला पगार पुरला, म्हणून कारखानदाराला मजूर स्वस्त पडला. तो फायदा तुमच्या कोष्टकात उद्योग आणि सेवांच्या रकान्यात जमा झाला. आधी भाव पाडायचा, मग पडलेल्या भावाने वाटा मोजायचा आणि शेवटी वाटा लहान म्हणून दुर्लक्ष करायचं, हा न्याय नाही. सरकारी खात्यांचा सगळा थाट कोणाच्या कष्टावर चालतो, हे जोतिराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडून ठेवलंय. तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

आणि २०२० ची टाळेबंदी आठव. एप्रिल ते जूनच्या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था सुमारे २४ टक्क्यांनी आकसली, शेती मात्र ३.४ टक्क्यांनी वाढली. शहरांतून पायी निघालेली माणसं गावच्या रानात येऊन राबली. २०१८-१९ मध्ये शेतीवरच्या कामकऱ्यांचं प्रमाण ४२.५ टक्के होतं, ते २०२३-२४ मध्ये ४६ झालं. तू याला मागासलेपणा म्हटलंयस. मी म्हणतो, बाकीच्या क्षेत्रांनी बाहेर काढलेल्या माणसांना जिने भाकरी दिली, ती शेतीच.

शेतीतली माणसं कमी व्हावीत, यावर आपलं दुमत नाही. तुझी आई रानातून बाहेर पडली म्हणून तू आज मुंबईच्या बँकेत आहेस, आणि याचा मला अभिमान आहे. पण बाहेर पडणाऱ्याला काम कुठे आहे? ते तालुक्यातच निघायला हवं. कापूस इथे पिकतो तर सूत इथे का नाही, टोमॅटो नारायणगावच्या रस्त्यावर ओतावा का लागतो, हे प्रश्न तुझ्या अहवालात यायला हवे होते.

पुढचा अहवाल लिहिण्याआधी एक काम कर. हंगाम संपायच्या आत चार दिवस रजा काढून इकडे ये. एका शेतकऱ्याचं एक बिल घे आणि तो पैसा सोसायटीपासून सुरतेपर्यंत कोणाकोणाच्या हातातून जातो, ते स्वतः लिहून काढ. कोयत्यावरच्या बाईलाही तिचा हिशेब विचार. मग तुझ्या वरिष्ठांसमोर १८ टक्क्यांचा आकडा खुशाल ठेव, पण त्याच्या खाली हा हिशेबही जोड.

जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझा,
मामा