मोडलेलें खड्ग

गेल्या नाताळच्या सुटींत मीं एक खड्ग तयार केलें. मिशनच्या शाळेंत विज्ञान शिकविणाऱ्या आणि रविवारच्या शाळेंत मुलांना क्षमेचे धडे देणाऱ्या माणसानें शस्त्र घडवावें, हें वाचून कांहीं पालकांच्या कपाळास आठ्या पडतील. म्हणून आरंभींच सांगून टाकतों कीं, या खड्गानें काकडीसुद्धां कापली जात नाहीं. परंतु तें मला कां घडवावें लागलें, ही हकीकत थोडी लाजिरवाणी आहे. वार्षिकांत शिक्षकांनीं उपदेश करावा असा प्रघात आहे. या वर्षीं मी कबुली देणार आहे.

संमेलनास आठ दिवस उरले होते. नववीच्या वर्गांत मी प्रकाशाचें परावर्तन शिकवीत होतों. आरशाच्या प्रयोगासाठीं खिडक्या लावून घेतल्या होत्या. आरसा ठेवून मागें वळतों, तों शेवटच्या बाकाशीं एक निळें पातें उजळलेलें आणि सारा वर्ग हंसत असलेला! एका विद्यार्थ्यानें संमेलनांतील नाटुकल्यासाठीं तें केलें होतें व अंधाराचा मोह त्यास आवरला नव्हता.

हें पातें कोठलें, हें आमच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको. पालकांकरितां सांगतों. ‘स्टार वॉर्स’ नांवाचा अमेरिकन चित्रपट १९७७ सालीं निघाला. त्यांतील वीरांजवळ विजेरीसारखी दिसणारी एक मूठ असते. बटन दाबलें कीं तींतून प्रकाशाचें पातें बाहेर पडतें.

“प्रकाशाचा झोत हवेंत तीन फुटांवर थांबत नाहीं,” मी म्हणालों, “आणि दोन झोत एकमेकांवर आपटतही नाहींत, एकमेकांतून निघून जातात. विज्ञानाच्या तासाला हें अज्ञान कशाला आणलेंस?”

येथवर माझें बोलणें शास्त्रास धरून होतें. पुढें जें केलें, तें कोणत्याच शास्त्रास धरून नव्हतें. मीं तें खड्ग हिसकावून टेबलाच्या कडेवर आपटलें. तें दुभंगलें. वर्गाचें हंसणें थांबलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. फक्त खालीं पडलेलें एक बटन त्यानें उचलून खिशांत टाकलें.

तुकडे मीं शिक्षकांच्या खोलींत नेले. चहा घेतां घेतां ते सहज उलगडून पाहूं लागलों आणि चहा तसाच निवून गेला. आंतील तारा कथलानें डाखल्या होत्या. प्रत्येक डाख मोहरीएवढा व चकचकीत. नळीच्या आंत पातळ ट्रेसिंग कागदाची सुरळी बसविलेली होती. स्वच्छ नळींतून उजेड सरळ निघून जातो, बाजूनें दिसत नाहीं. कागदावर मात्र तो विखुरतो व सबंध नळी उजळते. आणि टोंकाशीं औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद गोल कापून लावलेला होता. कशासाठीं? तर टोंकापर्यंत गेलेला प्रकाश मागें फिरावा म्हणून! मी आरसा दाखवून जें समजावून देत होतों, तेंच त्या मुलानें हातांत धरलें होतें. आणि तेंच मीं मोडलें.

संमेलनांत नाटुकलें झालें. त्या मुलाच्या हातांत निळा कागद डकवलेली फूटपट्टी होती. सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. मी पहिल्या रांगेंत बसलों होतों, पण माझे हात मांडीवरून उठेनात.

क्षमा मागण्याचें काम शब्दांनीं होतें, आणि शिक्षकाजवळ शब्दांचा तोटा नसतो. म्हणूनच मला शब्दांवर भागवावेंसें वाटेना. हातानें मोडलें तें हातानेंच भरून द्यावें, असें मीं ठरविलें.

प्रथम मूळ खड्ग कसें झालें, याचा शोध घेतला. एवढ्या गाजलेल्या वस्तूमागें एखादा मोठा कारखाना असेल अशी माझी समजूत होती. खरी गोष्ट निराळीच निघाली. चित्रपटाची तयारी इंग्लंडांत चालली होती व पैसा बेताचा होता. नेपथ्याची सजावट रॉजर ख्रिश्चन यांजकडे होती. (नांव वाचून आमच्या मंडळींनीं लगेच नातें जोडूं नये!) लंडनमधील छायाचित्रणाच्या साहित्याच्या एका दुकानांत त्यांना एका खोक्यांत ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या मुठी सांपडल्या. १९४० नंतरच्या काळांत वृत्तपत्रांचे छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या बाजूस ही चकचकीत नळी लावीत. तींत तीन सेल असत व वर एकदांच भडकून निकामी होणारा दिवा. ख्रिश्चन यांनीं त्या मुठीस काळ्या रबराच्या पट्ट्या चिकटविल्या, एका गणकयंत्राच्या अंकांवरील भिंगांची पट्टी बसविली, कमरेस अडकविण्यास कडी लावली, आणि खड्ग तयार झालें. १९७८ सालीं त्या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनास जें ऑस्कर पारितोषिक मिळालें, त्यांत त्यांचाही वाटा होता.

पात्याची कथाही अशीच. चित्रण करतांना नटांच्या हातीं प्रकाश परतविणाऱ्या आवरणाच्या काठ्या होत्या; त्यांचें तेज मागाहून चित्रकारांनीं एकेका चित्रावर चढविलें. खड्गाचा तो घुमणारा आवाज बेन बर्ट यांनीं चित्रपट दाखविण्याच्या यंत्राची घरघर व दूरदर्शन संचाची गुणगुण एकत्र करून साधला. टाकाऊ मूठ, काठी आणि यंत्रांची कुरकुर, यांतून जगभरच्या मुलांच्या स्वप्नांतील शस्त्र जन्मास आलें.

मग मी कामास लागलों. माळ्यावर माझ्या वडिलांची तीन सेलांची विजेरी पडून होती. रात्रींच्या प्रार्थनासभांहून खेड्यांतून परततांना ती त्यांच्या हातीं असे. कानशीनें तिचा गंज काढला, सायकलीच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून मुठीस डकविल्या, बिघडलेल्या गणकयंत्राचीं बटनें एका ओळींत बसविलीं. येथवर सारें सुखरूप झालें.

पुढें विजेचा भाग आला. तीन सेलांचा दाब साडेचार व्होल्ट, निळ्या एल. ई. डी. दिव्यास तीनच्या आसपास पुरतात. उरलेला दीड व्होल्ट झेलण्यास मध्यें रोध घालावा लागतो. २० मिलिअँपियर प्रवाहास तो ७५ ओहमचा हवा. हा हिशेब मी वीस वर्षें मुलांकडून करवून घेत आलों आहे. तरीपण घाईंत रोध न घालतांच बटन दाबलें. क्षणभर लख्ख उजेड पडला आणि दिवा कायमचा विझला. दुसऱ्या वेळीं डाख देतांना बोटें भाजलीं, व जे डाख बसले ते हरभऱ्याएवढे. कागदाची सुरळी चार वेळां सुरकुतली. माझी धडपड पाहून पत्नी म्हणाली, “अहो, तो मुलगा चौदा वर्षांचा आणि तुम्ही चव्वेचाळीस. त्याच्याइतकें लवकर तुम्हांला कसें जमेल?”

सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत मला उमगलें कीं, त्या मुलाच्या किती संध्याकाळी मीं एका फटक्यांत मोडल्या होत्या.

काम करतां करतां ती कथाही मनांत घोळत होती. पहिल्या चित्रपटांत वृद्ध गुरु तरुण शिष्याच्या हातीं त्याच्या वडिलांचें खड्ग देतो. मीं शिष्याच्या हातचें हिसकावून घेतलें होतें. १९८३ च्या चित्रपटांत तोच शिष्य स्वतः घडविलेलें नवें खड्ग बाळगतो. आणि जेव्हां वैरी झालेल्या पित्याचा वध करण्याची वेळ येते, तेव्हां तें दूर फेकून देतो. खड्ग असून तें टाकून देण्यांत त्याचा खरा विजय आहे. ज्या मुलाच्या हातीं मला शस्त्र दिसलें होतें, त्यानें ही कथा माझ्या आधीं आणि माझ्याहून बरी समजून घेतली असावी.

जानेवारींत शाळा उघडली. पहिल्याच तासाला सबंध वर्गासमोर मीं त्या मुलास पुढें बोलाविलें. “मागच्या महिन्यांत मीं तुझें काम न पाहतां मोडलें. माझी चूक झाली,” एवढें म्हणून खड्ग त्याच्या हातीं दिलें. त्यानें तें परीक्षकासारखें उलटसुलट पाहिलें, कानाशीं धरून हालविलें, बटन दाबलें. मग हळूच म्हणाला, “सर, टोंकाला चंदेरी कागद लावायला विसरलांत.”

परावर्तनाचा शिक्षक परावर्तनच विसरला होता! वर्ग हंसला, मुलगा हंसला, आणि मीही हंसलों. दुसऱ्या दिवशीं तो खड्ग दाखवावयास घेऊन आला. टोंकाशीं चंदेरी कागद लागला होता, आणि माझें बटन काढून तेथें त्यानें आपलें जुनें बटन बसविलें होतें.

पालकबंधुभगिनींस एकच विनंति आहे. मुलाच्या हातीं निरुपयोगी वाटणारी एखादी वस्तु दिसली, तर ती हिसकावण्यापूर्वीं एकदां आंत डोकावून पाहावें. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांसही सांगणें आहे: शिक्षकांच्या तासाला खड्ग उजळूं नका, परंतु घडविण्याचें मात्र सोडूं नका.

तो मुलगा आतां दहावींत आहे. या वर्षीं नववीस परावर्तन शिकवावयाचें होतें, तेव्हां मीं तें खड्ग एका तासापुरतें त्याजकडून मागून घेतलें. खिडक्या लावून घेतल्या आणि बटन दाबण्यास शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्यास बोलाविलें.