स्टीलची टोपी

लेक चार वर्षांची असताना एका रात्री दाढ धरून रडत उठली. सकाळी बॅटरी धरून पाहिलं, तर पुढचे दात हिरडीपाशी तपकिरी आणि दोन दाढांना खड्डे. एका दवाखान्यात सांगितलं, ‘पूर्ण भूल देऊन सगळं एकदम उरकू.’ सासूबाई म्हणाल्या, "दुधाचेच दात, पडणारच आहेत." मी या दोन टोकांमध्ये अडकलेली असताना कराडच्या डॉक्टरबाई भेटल्या.

त्यांनी कागदावर दात काढून दाखवले. "पुढचे सातव्या-आठव्या वर्षी पडतील. दाढा मात्र दहा-बारापर्यंत लागतात. मग सगळ्यांना एकच औषध कसं चालेल?"

पुढच्या दातांना सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. ब्रशने थेंबभर लावायचं. सुई नाही, मशीन नाही. कीड थांबते, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो आणि औषध पुन्हा लावावं लागतं. पांढरं सिमेंट दिसायला छान, पण त्यासाठी पोर तेवढा वेळ स्थिर बसायला हवं. न दुखणाऱ्या दाढेवर, न कोरता, स्टीलची टोपी. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंची पद्धत. आत कोंडलेल्या किडीची उपासमार होते. रात्री ठणकणाऱ्या दाढेची मात्र नस साफ करावी लागणार. तेही न जमलं तर दाढ काढून जागा राखणारी तार. "भूल देणं चूक नाही," त्या म्हणाल्या, "पण हिला ती लागते का, ते आधी बघू."

झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली मीच देत होते, हे मी खालमानेनं सांगितलं. "आजपासून बंद करा," एवढंच बोलल्या.

पहिल्या तीन फेऱ्यांत लेक नुसती खुर्चीत वर-खाली झाली आणि आरशाशी खेळली. त्या फेऱ्यांचे पैसे बाईंनी घेतले नाहीत. चौथ्या फेरीला तिनं आपणहून तोंड उघडलं.

बालवाडीच्या स्नेहसंमेलनाच्या फोटोत ती काळे दात दाखवून हसते आहे. नातेवाइकांनी नाकं मुरडली. ते दात यथावकाश पडले, कौलांवर गेले.

अकराव्या वर्षी दाढ टोपीसकट हातात आली. ती कौलांवर न टाकता आम्ही बाईंना दाखवायला नेली. त्यांनी उलटी करून पाहिली. "काम झालं तिचं."

मी पुन्हा त्या तीन फेऱ्यांचे पैसे विचारले. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.