दुःख कोणत्या भाषेत सांगायचं?

उर्दू शाळेतल्या मुलांना 'ळ' जड जातो. उर्दूत हे अक्षरच नाही. त्यामुळे 'शाळा'ची 'शाला' होते आणि 'फळा'चा 'फला'. वीस वर्षं मी हे हसत हसत दुरुस्त करत आलो. 2024 च्या जुलैत मात्र याच 'ळ'साठी मी सहावीतल्या एका मुलाच्या कानाखाली मारली. तो रडला नाही, नुसता बघत राहिला. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. वडील म्हणाले, "जाने दो सर, उस्ताद का हक है." ते वाक्य मला जास्त लागलं.

घरी बायको म्हणाली, "अब्बा के बाद से आप सोए ही कहाँ हैं?" खरं होतं. अब्बा गेले त्या रात्री मी लोकसभा निवडणुकीच्या ड्यूटीवर, दूरच्या खेड्यातल्या मतदान केंद्रात होतो. तेव्हापासून रात्री तीनला जाग यायची, छाती धडधडायची. ईसीजी नॉर्मल आला. "टेन्शन घेऊ नका," असं दवाखान्यात सांगितलं. फुफीने तावीज आणून दिला. बी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्रात मला चांगले मार्क होते, पण स्वतःला काय होतंय ते ओळखता आलं नाही.

मग शोध सुरू केला. तालुक्यात 'समुपदेशन केंद्र' अशी एकच पाटी होती. तिथे करिअर मार्गदर्शनही चाले आणि वास्तुदोषही काढून मिळत. शिक्षण विचारलं तर गृहस्थ रागावले. जिल्ह्याच्या गावी एका मानसोपचारतज्ज्ञांच्या दारापर्यंत दोनदा गेलो. समोरच आमच्या नातलगाचं दुकान. दोन्ही वेळा परत फिरलो. डॉक्टर जवळचा हवा, पण ओळखीच्या नजरा नकोत, ही आमची अडचण.

शेवटी एका रात्री 14416 हा नंबर लावला. केंद्र सरकारची ही 'टेली-मानस' सेवा 2022 पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास. पलीकडच्या माणसाने मराठीत शांतपणे ऐकून घेतलं आणि जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात जायला सांगितलं. इतकी वर्षं ते रुग्णालय माहीत होतं, तो विभाग माहीत नव्हता.

तिथल्या समुपदेशक ताई माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. मी वर्गात बोलतो तशा शुद्ध मराठीत सगळं सांगत होतो. अब्बांपाशी आलो आणि मराठी थांबली. तोंडून निघालं, "आखिरी बखत मैं उनको पानी भी नहीं पिला सका." त्या म्हणाल्या, "सर, ज्या भाषेत येतंय त्यातच बोला. मला कळतंय." तीन महिन्यांत पहिल्यांदा मी रडलो.

पुढे तिथल्या डॉक्टरांनी काही महिने गोळ्या दिल्या. समुपदेशक बोलून मदत करतो, औषध मानसोपचारतज्ज्ञच लिहितो, हा फरक तेव्हा कळला. आपली माहिती गुप्त राहावी हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे, हेही कळलं. म्हणून आता कुणी विचारलं तर सांगतो: समोरच्याचं शिक्षण आणि नोंदणी विचारा, विचारल्यावर जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नका, आणि आपली बोली त्याला समजते का तेवढं बघा.

नमाज सोडली का, असं एकाने विचारलं. उलट, झोप लागायला लागली तशी फजर वेळेवर होऊ लागली. आमच्या इमामसाहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आजार देणाऱ्याने इलाजही दिलाय, तो शोधणं आपलं काम. मग हळूच त्यांनी तो नंबर लिहून मागितला. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

तो मुलगा आता सातवीत आहे. अजून 'शाला'च म्हणतो. मी फळ्यावर पुन्हा 'ळ' काढून दाखवतो.